गुडघा दुखतो, मग एक्स-रे खुब्याचा का?

लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना पालक हमखास विचारतात असा एक प्रश्न आहे : पोराचा दुखतोय गुडघा, आणि तुम्ही एक्स-रे खुब्याचा काढायला कसा सांगता? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मज्जातंतूंच्या वाटेत सापडतं. खुब्याच्या सांध्यातून संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंपैकी एकाच्या शाखा मांडीच्या आतल्या अंगाने थेट गुडघ्यापर्यंत जातात. वेदना खुब्यात उपजली तरी मेंदू तिचा पत्ता गुडघ्याचा लावू शकतो. मूल खोटं बोलत नसतं. त्याला खरोखरच गुडघ्यात दुखत असतं, आणि तरीही गुडघ्याच्या एक्स-रेत काही सापडत नाही. मग तेल चोळणं, पट्टा बांधणं, खेळ बंद करणं यांत आठवडे जातात. खुब्याच्या काही आजारांत हे आठवडे फार महाग पडतात.

यानंतरचा प्रश्न, खुब्यात नेमकं झालंय काय? मुलाच्या खुब्याला जडणारे आजार बरेच आहेत आणि त्यांची नावंही धास्ती वाटावी अशी आहेत. पण त्यांची तुलना करायला एक सोपी किल्ली आहे : मुलाचं वय. पाठ्यपुस्तकांतही हे आजार वयानुसार लावलेले दिसतात, मात्र ते नुसतं पाठांतर सोपं जावं म्हणून नव्हे. मुलाचा खुबा म्हणजे मोठ्या माणसाच्या खुब्याची लहान प्रत नसते. ते चालू असलेलं बांधकाम असतं आणि त्याच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळा भाग कच्चा असतो. ज्या वयात जो भाग कच्चा, त्या वयात तोच आजारी पडतो. या प्रकरणात मांडायचं आहे ते एवढंच. बाकीचा मजकूर त्याचे पुरावे आणि त्यावरच्या शंका यांचा.

१. सांधा घडतो कसा

खुबा दाखव म्हटलं की बहुतेक जण कमरेखाली बाजूला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर हात ठेवतात. सांधा तिथे नसतो. तो असतो पुढच्या बाजूला, जांघेच्या मागे खोलवर. तिथे कटीच्या हाडात एक वाटी असते आणि मांडीच्या हाडाचा वरचा गोल शेंडा, म्हणजे गोळा, तिच्यात बसलेला असतो. गोळ्याखाली हाडाची तिरकी मान आणि मग सरळ मांडीचं हाड.

जन्मतः हा गोळा पूर्णपणे कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागात लागतं तशा लवचीक पदार्थाचा असतो. त्यात हाडाचा ठिपका साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात उमटतो, म्हणून त्याआधीच्या एक्स-रेत गोळा दिसतच नाही. वाटीही तेव्हा उथळ असते. ती खोल होते ती गोळा तिच्यात नीट बसून फिरत राहिला तरच. पहिल्या वर्षाचा कच्चा दुवा हा : गोळा जागेवर नसेल तर वाटी घडत नाही.

पुढे चार ते आठ वर्षांच्या सुमारास अडचण रक्ताची. हाडाची लांबी वाढवणारी कूर्चेची चकती गोळा आणि मान यांच्यामध्ये असते, आणि खालून वर येणाऱ्या रक्तवाहिन्यांना ती आडकाठी करते. मग गोळ्याला रक्त मिळतं ते मानेच्या कडेकडेने चढणाऱ्या मोजक्या बारीक वाहिन्यांतून. त्यांना पर्याय जवळजवळ नसतो. वयात येताना मुलाची उंची झपाट्याने वाढते, वजनही वाढतं, संप्रेरकांच्या प्रभावाने वाढीची चकती जाड आणि तुलनेने दुबळी होते. आता कच्चा दुवा ही चकतीच. पुढे ती हाडात मिसळून गेली की बांधकाम संपलं.

२. वाटीबाहेरचा गोळा

पहिल्या वर्षाच्या आजाराला डॉक्टर डीडीएच म्हणतात : खुब्याची सदोष घडण. यात वाटी थोडी उथळ असण्यापासून ते गोळा पूर्ण बाहेर असण्यापर्यंत सगळ्या पायऱ्या येतात. गोळा खरोखर निखळलेली बाळं हजारात एक-दोन; सौम्य ढिलेपणा याहून बराच जास्त आढळतो, आणि तो बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांत आपोआप जातो. मुलींत हा दोष मुलांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक, पहिल्या अपत्यात अधिक, उजव्यापेक्षा डाव्या बाजूला अधिक, आणि गर्भाशयात डोकं वर करून बसलेल्या, म्हणजे पायाळू बाळांत तर फारच अधिक. पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते असं आपल्याकडे मानतात. त्या समजुतीत तथ्य नाही, पण पायाळू जन्मलेल्या मुलीचे खुबे तपासून घ्यावेत यात मात्र पुरेपूर आहे.

तपासणी साधी पण हातोटीची. बाळाला उताणं निजवून गुडघे आणि खुबे दुमडायचे. डॉक्टरांचा अंगठा मांडीच्या आतल्या बाजूला, मधलं बोट बाहेरच्या उंचवट्यावर. मांडी हलकेच बाहेर उघडत बोटाने उचलून धरली की बाहेर गेलेला गोळा वाटीच्या कडेवरून आत सरकतो आणि बोटाला एक बोजड धक्का लागतो. तो ऐकू येण्यापेक्षा जाणवतो जास्त. इटलीतल्या मारिनो ऑर्टोलानी या बालरोगतज्ज्ञाने १९३७ मध्ये या खुणेचं वर्णन केलं. आत असलेला गोळा बाहेर ढकलता येतो का, हे पाहणारी उलटी चाचणी इंग्लंडच्या बार्लोने १९६२ मध्ये मांडली. दोन्ही चाचण्या पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरत्या. नंतर स्नायू आवळतात आणि धक्का लागेनासा होतो. खूण उरते ती एवढीच की लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी उघडत नाही. गुडघे दुमडून पाय ठेवले तर एक गुडघा खाली दिसतो. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर डावं-उजवं जुळतंच, आणि फसगत होते. अशी मुलं उशिरा, बदकासारखी डुलत चालायला लागतात, तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात येतं.

आजाराचं मूळ समजायला बाळाला धरण्या-निजवण्याच्या पद्धती फार उपयोगी पडतात. पाय सरळ करून बाळाला गच्च गुंडाळण्याची पद्धत जिथे होती तिथे हा दोष जास्त आढळला. उत्तर अमेरिकेतल्या नवाहो लोकांच्या फळीवर बांधलेल्या बाळांत, तशीच जुन्या जपानमध्ये. जपानने १९७० च्या दशकात पाय सरळ बांधू नका अशी देशभर मोहीम चालवली आणि शेकडा एकाहून अधिक असलेलं प्रमाण हजारी दोनच्या आसपास उतरलं. उलट आफ्रिकेच्या अनेक भागांत बाळ पाठीशी पाय फाकवून बांधलं जातं, आणि तिथे हा दोष विरळा. कडेवर बसलेल्या बाळाचे पायही तसेच फाकलेले असतात, आणि खुब्याला हवी असते ती हीच बैठक.

मग आपल्याकडे चिंता नाही, असं कुणी म्हणेल. ते पटणारं नाही. बाळ कडेवर बसू लागतं मान धरल्यानंतर. खुब्याला सर्वांत नाजूक असतात ते त्याआधीचे महिने, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपल्याकडे बाळाला दुपट्यात पाय सरळ करून घट्ट गुंडाळतात, न्हाऊ घालताना पाय ताणून सरळ करतात. दुपटं वाईट नाही. हात-छाती गुंडाळावी, पाय मात्र दुमडून हलतील इतके मोकळे ठेवावेत.

सहा महिन्यांच्या आत निदान झालं तर उपचार पट्ट्यांचा. चेकोस्लोव्हाकियाच्या आर्नोल्ड पाव्लिकने सुचवलेला हा मऊ पट्ट्यांचा साज खुबे दुमडलेले आणि उघडे ठेवतो. बाळ पाय मारत राहतं आणि त्या हालचालीनेच वाटी घडते. त्यानंतर भूल देऊन गोळा बसवणं आणि कमरेपासून प्लास्टर. मूल चालू लागल्यावर, दीड वर्षापुढे, बहुधा शस्त्रक्रिया, कित्येकदा हाड कापून वाटीची दिशा बदलण्यासह. एवढं सगळं होत असताना बाळाला दुखत काहीच नसतं. दुखणं येतं ते तिशी-चाळिशीत, सांधा झिजल्यावर. आजार किती गंभीर हे दुखण्यावरून ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

३. रक्त आटलेला गोळा

चार ते आठ वर्षांचा मुलगा, अंगाने बहुधा किरकोळ आणि भारी चपळ, काही आठवडे थोडा लंगडतो. दुखतं म्हणतो, पण खेळणं सोडत नाही. हे चित्र पर्थेस आजाराचं. मुलींच्या चार-पाचपट मुलांत तो आढळतो. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्यातलं हाड मरतं. रक्त का तुटतं, याचं सर्वमान्य उत्तर अजून मिळालेलं नाही.

एकोणिसाव्या शतकात अशा मुलांना सरसकट खुब्याचा क्षय ठरवलं जाई. १८९५ मध्ये एक्स-रेचा शोध लागला आणि हाड जिवंतपणी पाहता येऊ लागलं, तेव्हा यातल्या काही मुलांत क्षयाचं चित्रच नाही हे कळलं. १९१० मध्ये बॉस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पर्थेस या तिघांनी स्वतंत्रपणे ते मांडलं. स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉमने आदल्याच वर्षी तशा मुलांचं वर्णन केलं होतं, पण त्याने तो क्षय मानला, आणि आजाराच्या नावात त्याला जागा मिळाली नाही.

पर्थेसचं वैशिष्ट्य असं की मेलेलं हाड शरीर स्वतःच उचलून नेतं आणि तिथे नवं घालतं. याला दोन ते चार वर्षं लागतात. मधल्या काळात गोळा मऊ असतो आणि धोका असतो तो तेव्हाच. साच्यात दाबलेली उकड साच्याचा आकार घेते. साच्याबाहेर राहिलेला भाग वेडावाकडा फुगतो. गोळ्याचंही तसंच. तो वाटीत पूर्ण झाकलेला राहिला तर गोल घडतो, कडेने बाहेर डोकावला तर चपटा होतो. पहिल्या वर्षी गोळा वाटीला आकार देत होता, इथे वाटी गोळ्याला देते. म्हणून उपचाराचं सूत्र एकच : गोळा वाटीत झाकून ठेवा, खुबा मोकळा राहील असा व्यायाम, गरज पडल्यास प्लास्टर, किंवा हाडाची दिशा बदलणारी शस्त्रक्रिया. सहाच्या आतल्या बहुतेक मुलांना शस्त्रक्रियेविनाच भागतं, कारण गोळा पुन्हा घडायला त्यांच्याजवळ वाढीची वर्षं शिल्लक असतात. आठच्या पुढे आजार जडला तर तेवढी सवलत नसते.

इथे पाश्चात्त्य पुस्तकांवर डोळे मिटून विसंबून चालत नाही. मणिपालचे डॉ. बेंजामिन जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या मुलांचा अभ्यास केला तेव्हा हा आजार पश्चिम किनारपट्टीवर विशेष आढळला, आणि आपल्याकडे तो पाश्चात्त्य मुलांपेक्षा उशिराच्या वयात सुरू होतो हेही दिसलं. म्हणजे नऊ-दहा वर्षांचा लंगडणारा मुलगा ‘पर्थेससाठी मोठा’ म्हणून यादीतून खोडून टाकणं धोक्याचं.

४. मानेवरून घसरलेला गोळा

आता सुरुवातीच्या प्रश्नातल्या मुलाकडे वळू. समजा वय बारा, वजन वयाच्या मानाने बरंच जास्त, महिनाभर गुडघा किंवा मांडी दुखते आणि चालताना पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. वाढीची चकती भार सोसेनाशी होते आणि तिच्यापाशी गोळा मानेवरून सुटायला लागतो. नेमकं सांगायचं तर गोळा वाटीतच राहतो. सरकते ती मान, वर आणि पुढे. डॉक्टर बोली भाषेत याला ‘स्लिप’ म्हणतात. तपासताना मांडी पोटाकडे दुमडली की गुडघा सरळ छातीकडे न येता आपसूक बाहेर, खांद्याच्या दिशेने जातो. ही खूण पाहायला यंत्र लागत नाही. एक्स-रे मात्र नीट सांगून काढावा लागतो, कारण समोरून घेतलेल्या फिल्ममध्ये थोडीशी घसरण निसटते. बेडकासारखे पाय दुमडून फाकवलेली फिल्मही हवी, आणि तीही दोन्ही खुब्यांची, कारण बऱ्याच मुलांत दुसरी बाजूही पुढेमागे घसरते. एक अपवाद : मूल पाय टेकवूच शकत नसेल तर बेडकासारखी बैठक लावून पाय ओढाताणीत घालायचा नाही.

लठ्ठपणा हे मोठं कारण खरं, पण त्याने एक गैरसमज पसरतो. वजन उतरलं की बरं होईल, असं घरचे म्हणतात आणि मुलाला धावायला पाठवतात. यासारखं वाईट काही नाही. निदान झाल्या क्षणापासून त्या पायावर एक पाऊलही टाकायचं नाही. अमेरिकेतल्या लोडर यांनी १९९३ मध्ये या मुलांचे दोन गट केले : कुबड्या घेऊन का होईना, चालू शकणारी आणि चालूच न शकणारी. पहिल्या गटात गोळ्याचं रक्त तुटून हाड मेल्याचं एकही उदाहरण त्यांना आढळलं नाही. दुसऱ्यात जवळपास निम्म्यांचं तसं झालं. चालू शकणारं मूल एका घसरण्याने किंवा हाडवैद्याच्या एका हिसक्याने पहिल्या गटातून दुसऱ्यात जाऊ शकतं. उपचार आहे तो घसरलेल्या जागीच एक स्क्रू बसवून पुढची घसरण थांबवण्याचा. पहिल्या गटात ओढून जागेवर आणण्याचा मोह टाळतात. मूल दहाच्या आतलं असेल किंवा लठ्ठ नसेल तर थायरॉइड, मूत्रपिंड आणि ड जीवनसत्त्व तपासायला हवं, कारण तिथे चकती दुबळी होण्याचं कारण वेगळं असू शकतं.

५. वयाला न जुमानणारे

वयाची किल्ली एका कुलपाला लागत नाही : जंतूंच्या. सांध्यात पू होणं तान्ह्या बाळापासून कोणत्याही वयात घडतं, आणि त्याच्याशी हुबेहूब मिळता आजार म्हणजे सांध्याची तात्पुरती सूज. ती साधारण तीन ते आठ वर्षांत, बऱ्याचदा सर्दी-पडशानंतर येते, आठ-पंधरा दिवसांत विश्रांती आणि साध्या वेदनाशामकाने जाते. मुलांचा खुबा अचानक दुखण्याचं सर्वांत सामान्य कारण हेच. पू झाला असेल तर मात्र ताटकळायला वेळ नसतो. तो तातडीने काढला नाही तर कूर्चा विरघळते. एक निरुपद्रवी, दुसरा सांध्याचा नाश करणारा, आणि रात्री अकरा वाजता पायाला हात लावू न देणारं मूल दोन्हींत सारखंच रडतं.

बॉस्टनच्या मिनिंदर कोचर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये यासाठी चार प्रश्न काढले. ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर आहे का? मूल पायावर भार टाकत नाही का? रक्तातला ईएसआर ४० च्या वर आहे का? पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर आहेत का? उदाहरण घेऊ. पाच वर्षांची मुलगी, सर्दी होऊन गेली, ताप नाही, पाय टेकवत नाही, रक्त ठीक. एकच ‘हो’, त्यांच्या गणिताने पू असण्याची शक्यता शेकडा तीन. याच मुलीला ३९ अंश ताप असता तर शक्यता शेकडा चाळीस, त्यात ईएसआर ५५ निघाला तर नव्वदीच्या पुढे. पुढे दुसऱ्या रुग्णालयांत हे आकडे इतके चोख जुळले नाहीत, म्हणून सोनोग्राफी आणि सीआरपी ही आणखी एक रक्तचाचणी जोडीला घेतात, आणि शंका असेल तर सुईने सांध्यातलं पाणी काढून बघतात. तान्ह्या बाळाला हे गणित लावूच नये. त्याला ताप नसतानाही पू असू शकतो. एक पाय ते हलवत नाही, लंगोट बदलताना किंचाळतं, एवढंच.

क्षयाचाही विसर पडू नये. शंभर वर्षांपूर्वी पर्थेसलाच क्षय समजत. आज उलट चूक होऊ शकते. हाडासांध्यांच्या क्षयात मणक्यानंतर खुब्याचा क्रमांक बराच वर लागतो. महिनोन्‌महिने रेंगाळणारं लंगडणं, रोडावणारी मांडी, संध्याकाळचा बारीक ताप, झोपेत अचानक ओरडून उठणं ही त्याची चाल.

६. वयावर किती विसंबायचं?

वयाचे कप्पे इतके काटेकोर नसतात, हा आक्षेप खरा आहे. दहा वर्षांच्या मुलाला पर्थेस असू शकतो, स्लिपही. बाळपणी सुटून गेलेला डीडीएच बाराव्या वर्षी थकव्याने आणि लंगडण्याने प्रकट होऊ शकतो. म्हणून वयाने निकाल लागत नाही; आधी काय शोधायचं, ते ठरतं. दहा वर्षांच्या मुलात दोन्ही संशय धरले तर एकाच वेळी काढलेल्या दोन फिल्मांत उत्तर मिळतं.

दुसरा आक्षेप व्यवहारातला. मुलांचे पाय तर नेहमीच दुखतात, प्रत्येकाचा एक्स-रे काढत बसायचं का? मुळीच नाही. ज्याला आपण वाढीचं दुखणं म्हणतो ते संध्याकाळी किंवा रात्री येतं, दोन्ही पायांत येतं, चोळलं की थांबतं, आणि सकाळी मूल अंगणात असतं. त्यात लंगडणं नसतं. एकाच पायाचं दुखणं, दिवसाही टिकणारं, किंवा दुखो न दुखो, आठवड्याहून जास्त लंगडणं, हे वाढीच्या दुखण्याच्या खात्यात टाकता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत विचार करण्याजोगा. डीडीएच इतका मुका असेल तर प्रत्येक बाळाची सोनोग्राफी का करू नये? ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० मध्ये खुब्याच्या सोनोग्राफीची पद्धत बसवली आणि त्यांच्या देशाने १९९२ पासून ती सर्व बाळांना लागू केली. पण पहिल्या आठवड्यांत अनेक निरोगी खुबेही कच्चे दिसतात. मापं घेणारा हात तयार नसेल तर आपोआप सुधारणाऱ्या बाळांनाही पट्टे चढतील, आणि चुकीचा पट्टा गोळ्याचं रक्त तोडू शकतो. त्यामुळे आपल्यासारख्या देशात सोनोग्राफी जोखमीच्या बाळांपुरती आणि हाताची तपासणी सगळ्यांची, हेच मला योग्य वाटतं. सरकारी पातळीवर त्याची तजवीज आहेही. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मजात दोषांच्या यादीत खुब्याची सदोष घडण आहे. शिवाय बाळ लशीसाठी दीड, अडीच, साडेतीन महिन्यांनी आणि पुढे नवव्या महिन्यात केंद्रावर येतंच. पायाळू मुलगी किंवा घरात कुणाला हा दोष असलेलं बाळ असेल तर सोनोग्राफी दीड महिन्याच्या लशीच्या सुमारास करायची. एरवी प्रत्येक लशीच्या वेळी, सुई टोचण्याआधी, बाळ शांत असताना दोन्ही मांड्या उघडून बघायच्या. रडणाऱ्या बाळाचे स्नायू आवळलेले असतात आणि मग बोटाला काही कळत नाही.